भिंगरी लिहीत आहे…

सोमवार, ४ जानेवारी

बॅग उघडायच्या आधी वही उघडली. परक्या घरी पहिल्या दिवशी लिहिलं नाही तर पुढे राहूनच जातं.

परकं तरी कसं म्हणू, धाकट्या बहिणीचं घर. "ताई, तू ये, कॉम्प्युटर बिघडलाय," एवढंच फोनवर म्हणाली होती. दार उघडलं तेव्हा कळलं की बिघडलंय ते वेगळंच. दोन जिने चढून आले मी, आणि धाप तिला लागलेली. ओठ निळसर, मनगटातली बांगडी कोपरापर्यंत जाईल इतकी सैल. "काय गं ही दशा?" म्हटलं, तर म्हणते, "आल्या आल्या सुरू होऊ नकोस. आधी चहा घे."

हृदयाच्या झडपेचं दुखणं आहे. मोठे डॉक्टर आधी स्क्रीनवरून बोलतात, मग काय ते ठरवतात. त्यांचं पान हिच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. 'तुमचा ब्राउझर जुना आहे, अपडेट करा' अशी पाटी येते आणि खाली सगळं पांढरंफटक. अपडेट करायला गेलं तर ते होत नाही. म्हणून मला बोलावणं.

हे माझ्या हातातलं काम. झेरॉक्सचं दुकान चालवलं तेवढी वर्षं मी कॉम्प्युटरशी झोंबत आले. शिकवलं कुणी नाही, बिघडवून बिघडवून शिकले. धाकटीच्या नवऱ्यालाही माऊस धरायला मीच शिकवलं. ते कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त झाले तरी सगळी गल्ली त्यांना टाइमकीपरच म्हणते, बायकोसुद्धा. शिफ्टला येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड यंत्रात पंच होतं की नाही ते बघायचं, एवढंच काम; पण मित्रासाठी कार्ड पंच करणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नाही. स्वतःच्या सख्ख्या भावाला एकदा घरी पाठवलं होतं.

मला भिंगरीची खोली दिली आहे. भिंगरी माझी भाची, यांची एकुलती एक. कपाटावर, खिडकीच्या चौकटीवर, दिव्याच्या टोपीवर, हात पोचेल तिथे तिने लहानपणापासून माशांची स्टिकर लावून ठेवलीत. खरवडली तरी निघत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आईशी कडाक्याचं भांडून लांब कुठल्याशा धरणाच्या कामावर गेली आणि मग तिचा पत्ताच लागला नाही. टाइमकीपर स्वतः जाऊन आले. येताना तिची बॅग घेऊन आले. "तिथे नाही ती. बॅग दिली त्यांनी," एवढंच म्हणाले. आधीच कमी बोलणारा माणूस, त्यानंतर तर तोंडाला कुलूपच.

मंगळवार, ५ जानेवारी

आज नुसतं बघितलं. ब्राउझर दोन वर्षांपूर्वीचा. स्वतःहून अपडेट होण्याची सोय बंद केलेली होती. ती चालू केली. मग म्हणतो, रिस्टार्ट करा. मी बटणावर बोट नेलं आणि धाकटी स्वयंपाकघरातून ओरडली, "ताई! ती दुसरी खिडकी बंद करू नकोस!"

दुसरी खिडकी म्हणजे गप्पांचं पान. वर भिंगरीचं नाव, खाली धाकटीचेच निरोप, एकाखाली एक. जेवलीस का. इकडे गार पडलंय. तुझा निळा स्वेटर उन्हात टाकला. स्क्रोल करत गेले, संपेचना. उत्तर एकाही निरोपाला नाही.

"उत्तर नाही म्हणून काय झालं," धाकटी म्हणाली, "संध्याकाळी बघ."

संध्याकाळी बघितलं. सात वाजले. टाइमकीपर टॉवेल घेऊन अंघोळीला गेले, आत बादलीत पाणी पडायला लागलं. धाकटीने खुर्ची ओढली, चष्मा पुसला, आणि टाइप केलं, 'तुझी मावशी आली आहे.'

थोड्या वेळाने पानाच्या तळाशी बारीक अक्षरं उमटली. 'भिंगरी लिहीत आहे…' पुढचे तीन ठिपके एकामागून एक वर-खाली होत होते, कुणीतरी बोटांनी टेबल वाजवावं तसे.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला लिहू.

बराच वेळ ठिपके हलत राहिले. मग विझले. निरोप आला नाही.

"रोज असंच," धाकटी म्हणाली. चेहरा असा उजळलेला, की मी मान खाली घातली. "लिहिते आणि खोडते. राग गेला नाहीये अजून. पण बसते ना रोज माझ्यासाठी? एक दिवस खोडायचं विसरेल."

बुधवार, ६ जानेवारी

मला वाटलं होतं पान अडकलं असेल. जुन्या ब्राउझरमध्ये असं होतं, मेलेली गोष्ट हलत राहते. म्हणून आज सातच्या आधी पान ताजं करून घेतलं. ठिपके नव्हते. सात वाजून गेल्यावर आले. म्हणजे जिवंत आहेत. दुसऱ्या टोकाला कुणीतरी खरोखर बसलेलं आहे.

मी धाकटीला गमतीने म्हटलं, "शाळेची घंटा कधी ऐकली नाही हिने, कायम उशिरा. आता मात्र अगदी बापावर गेली, घड्याळ लावून घ्यावं."

धाकटी हसली. टाइमकीपर नुकतेच बाहेर आले होते, टॉवेल खांद्यावर. ते हसले नाहीत. त्यांचे केस कोरडेच होते. थंडीत नुसते हातपाय धुत असतील.

गुरुवार, ७ जानेवारी

अपडेटची सोय पुन्हा बंद! मी परवा माझ्या हाताने चालू केलेली. पुन्हा केली. रिस्टार्टही केला, धाकटीला आधी समजावून, की पान परत उघडता येतं, निरोप कुठे जात नाहीत. डाउनलोड अर्ध्यावर गेलं आणि थांबलं. मी बाजारातून आले तोवर कॉम्प्युटरची तारीख मागे गेलेली. चांगली दोन वर्षं मागे. तारीख चुकली की ब्राउझरला सगळं जगच खोटं वाटतं, काही घ्यायला तयार होत नाही.

आतला सेल संपला की तारीख मागे जाते, हे मला माहीत आहे. पण मग ती मशीन तयार झालं तेव्हाच्या तारखेवर जाते. ही तारीख वेगळी. धाकटीला दाखवली तर तिचा हात गळ्याशी गेला.

"या दिवशी तिचा शेवटचा निरोप आला होता गं. 'पोचले' म्हणून."

मशीनला काय ठाऊक हे? मी सेल बदलला. जुना तपासला, चांगला होता.

शुक्रवार, ८ जानेवारी

तारीख पुन्हा तिथेच.

घरात तिघंच. धाकटीला तारीख बदलता येत नाही. मी बदललेली नाही. टाइमकीपरांना विचारलं तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जुनं चालतंय ते चालू द्यावं, ताई. नवं आलं की कशाचं काय होईल सांगता येत नाही."

"अहो, पण तिच्या डॉक्टरांचं?"

"डॉक्टरांकडे मी जाऊन येतो. रिपोर्ट दाखवतो."

"तपासायचं तिला आहे, तुम्हाला नाही. तुमचं काळीज घेऊन काय करतील ते?"

त्यावर पेपर थोडा हलला.

दुपारी भिंगरीच्या खोलीत पडले होते. त्या माशांकडे बघत राहिलं की वाटतं, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला आहेत, मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे. उगाच मनाचे खेळ. उठून तोंड धुतलं.

शनिवार, ९ जानेवारी

आज मी हलले नाही. सकाळी कॉम्प्युटरसमोर जी बसले, ती चहासुद्धा तिथेच. तारीख लावली, जागा मोकळी केली, अपडेट सुरू केला आणि शेवटची रेघ भरेपर्यंत तिथेच ठाण मांडलं. टाइमकीपर आत-बाहेर करत होते. दोनदा म्हणाले, "तुम्ही जरा पाठ टेका, मी बघतो." मी म्हटलं, "तुम्ही कसले बघताय, पेनड्राइव्ह तर किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून फिरता." तो पेनड्राइव्ह मीच दिलेला, केव्हाचा. इथे नेट धड नव्हतं तेव्हा त्यात सगळे प्रोग्रॅम भरून पाठवले होते.

दुपारनंतर काम झालं. डॉक्टरांचं पान झक्क उघडलं. सोमवारची वेळसुद्धा मिळाली. धाकटीने माझ्या गालाला हात लावला.

पण आज लिहायचं ते हे नाही.

संध्याकाळी गप्पांचं पान उघडलं तर तेही नव्या रूपात. अक्षरं मोठी, रंग वेगळे. सात वाजले, अंघोळीचं पाणी सुरू झालं, ठिपके आले. आणि या वेळी भिंगरीच्या नावाखाली एक हिरवा टिपका आणि दोन शब्द, जे जुन्या पानावर कधी नव्हते.

'जवळच आहे.'

धाकटीने ते मोठ्याने वाचलं. मग उठली. मी "अगं थांब" म्हणेपर्यंत दार उघडून जिन्यावर. जिचा श्वास चहा ओतताना संपतो, ती कठडा धरून धावत उतरत होती आणि नाव घेऊन हाका मारत होती. मी मागे. खाली समोरचा लाँड्रीवाला इस्त्री उभी करून बघत राहिला. रस्त्यावर कुणी नव्हतं. एक सायकल, एक कुत्रा. "इथेच आहे गं," ती म्हणाली आणि फुटपाथवर बसली. ओठ जांभळे झाले होते.

टाइमकीपर वरून धावत आले. अंगात बनियन, हातात टॉवेलचं बोचकं छातीशी धरलेलं. त्यांनी तिला उचलायला पाहिजे होतं, पण बोचकं सोडवेना. शेवटी लाँड्रीवाल्याने आणि मी तिला वर आणलं.

आता झोपली आहे. मी मात्र नावाखालचे ते दोन शब्द डोळ्यांपुढून घालवू शकत नाहीये. किती जवळ?

रविवार, १० जानेवारी

सकाळी उठून बघते तर ब्राउझर पुन्हा जुना. नुसता बंद नव्हे, नवा काढून टाकून जुना परत बसवलेला. जुनं पान, बारीक अक्षरं. हिरवा टिपका नाही.

असं आपोआप होत नाही. दुकानातल्या इतक्या वर्षांत एकदाही झालेलं नाही.

धाकटी म्हणाली, "तिलाच नको असेल, मला कळलेलं."

टाइमकीपर म्हणाले, "नवीन पानं काहीही दाखवतात. त्यावर भरवसा ठेवू नये." एवढं बोलताना कपातला चहा बशीत सांडला. मी त्यांना बिस्किट दिलं.

सोमवार, ११ जानेवारी

डॉक्टर शेवटी माझ्या फोनवरून बोलले. चेहरा बोटाएवढा, पण बोलणं चोख. झडप बदलायला हवी, लवकर. ॲडमिट व्हा.

धाकटी म्हणाली, "नाही."

"का हो?"

"मी संध्याकाळी घरी लागते."

डॉक्टरांना काय कळणार. मला कळलं. हॉस्पिटलमध्ये आठ-दहा दिवस, आणि रोज सात वाजता ते पान रिकामं. भिंगरीला वाटेल, आईने नाद सोडला. मी म्हटलं, "अगं, मी बसते ना तुझ्या जागी. मी टाइप करते."

"तुझ्यासाठी नाही येत ती. माझ्यासाठी येते."

टाइमकीपर दारात उभे होते. मी त्यांच्याकडे वळले. "तुम्ही तरी सांगा हिला. तुमचं ऐकेल."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. सातला वेळ होता अजून.

बुधवार, १३ जानेवारी

खाली मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे माझ्या फोनची काच लावायला गेले. तो म्हणाला, "टाइमकीपरांना सांगा, ती बॅटरी कुठेच मिळत नाही. मॉडेलच बंद झालं. फुगलीये, वापरू नका म्हणून दोनदा बजावलंय मी."

"कसला फोन?"

"जुना आहे एक. गजर लावायला ठेवलाय म्हणतात."

ज्या माणसाचं घड्याळ बघून सूर्य उगवतो, त्याला गजर कशाला? मी हसले. मग जिना चढताना हसू गेलं, का ते कळलं नाही. मनाच्या कोपऱ्यात काहीतरी कुरतडत होतं. मी दिवा लावून बघायला गेले नाही. धाकटीला औषध द्यायची वेळ झाली होती.

शुक्रवार, १५ जानेवारी

आज घर जळलं असतं.

टाइमकीपर रिपोर्ट आणायला गेले होते. मला बाथरूममधून नेलपॉलिशसारखा गोड वास आला. टॉवेलांच्या कपाटात, मागच्या कोपऱ्यात, एका पिवळ्या ओढणीत गुंडाळून तो फोन चार्जिंगला लावलेला. हात लावला तर तवा. पाठ फुगून झाकण उचललेलं. कव्हरवर तीन मासे, ओळखीचे. भिंगरी जाताना घरी टाकून गेलेला फोन असणार. बापाने आठवण म्हणून जपला, आणि गजराचं निमित्त सांगतोय. पुरुषांना रडायलाही निमित्त लागतं.

पण आठवण जपायची म्हणून घर थोडंच पेटवायचं? चिमट्याने धरून खाली नेला. दुरुस्तीवाल्याने त्याच्या दुकानामागे वाळूच्या बादलीत पुरला. अर्ध्या तासात आतून फट्ट आवाज आला आणि वाळूतून धूर. "वाचलात आजी," तो म्हणाला.

टाइमकीपर आले तेव्हा मी जिन्यातच गाठलं त्यांना. सगळं सांगितलं. वाटलं होतं ओशाळतील.

ते पायरीवर बसले. रिपोर्टचा लिफाफा मांडीवर.

"गेला?"

"गेला. जीव वाचले म्हणा."

"हो," ते म्हणाले. "जीव."

बराच वेळ उठले नाहीत. मी ओढणी धुऊन त्यांना परत देईन म्हटलं तर, "धुऊ नका," म्हणाले.

संध्याकाळी अंघोळीला गेले नाहीत. बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. सात वाजले. धाकटीने टाइप केलं. आम्ही बघत राहिलो. घड्याळ पुढे गेलं.

ठिपके आले नाहीत.

शनिवार, १६ जानेवारी

आजही नाही. धाकटी जेवली नाही. मी पान ताजं केलं, नेट तपासलं, वायर काढून घातली. माझ्याकडून होतं तेवढं सगळं केलं. दोष इकडचा नाही.

धाकटी म्हणते, "तिला काहीतरी झालं."

रविवार, १७ जानेवारी

आज टाइमकीपर माझ्याशी बोलले. गच्चीत, वाळत घातलेल्या चादरींच्या आड. गेल्या दोन वर्षांत बोलले नसतील एवढं, आणि मला निम्मं कळलं नाही.

"ताई, दुसऱ्याचं कार्ड पंच करणं म्हणजे चोरी, असं मी लोकांना सांगत आलो."

"हो की. भावालासुद्धा सोडलं नव्हतंत."

"मी दोन वर्षं एकाच माणसाचं कार्ड पंच करतोय. रोज, वेळेवर. माणूस कामावर येणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बॅगेबरोबर कागदही दिला होता त्यांनी, सही घेऊन. हिला सांगायला म्हणूनच घरी आलो. दार उघडलं आणि पहिला शब्द, 'सापडली?' माझ्या तोंडून निघेना. त्या दिवशी संध्याकाळी नुसतं एक अक्षर दाबलं आणि खोडलं. ती इतकी हसली, ताई."

मी म्हटलं, "आता कारखान्याच्या गोष्टी काढून जिवाला लावून घेऊ नका."

वाऱ्याने चादर आमच्या मध्ये आली.

"शब्द मात्र एकही लिहिला नाही," चादरीपलीकडून म्हणाले. "तिच्या नावाने खोटं बोलवलं नाही. उद्या हिला सगळं सांगतो. डॉक्टरांचं बोलणं झालं की."

हात गार पडले होते. कपडे गोळा करून खाली आले आणि एकेक घडी घालत बसले. त्यांना ताप असावा. उद्या बघते.

सोमवार, १८ जानेवारी

नीट, क्रमाने लिहिते.

सकाळी मी ब्राउझर अपडेट केला. कुणी अडवलं नाही. टाइमकीपरांनी जुडग्यातून पेनड्राइव्ह काढून आपणहून माझ्या हातात ठेवला. डॉक्टर मोठ्या स्क्रीनवर दिसले. म्हणाले, आता थांबता येणार नाही. धाकटी नुसती मान हलवत होती, ऐकत नव्हती.

बोलणं संपलं. मी चहा आणला. आम्ही तिघं त्याच टेबलाशी, कॉम्प्युटर समोर. टाइमकीपरांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, शिक्षा घ्यायला ठेवावेत तसे. म्हणाले, "ऐक. तुला एक सांगायचंय."

धाकटी म्हणाली, "थांबा."

सकाळचे अकरा वाजायचे होते. सातशी काही संबंध नाही. पानाच्या तळाशी ठिपके हलत होते.

'भिंगरी लिहीत आहे…'

नावाखाली हिरवा टिपका. 'जवळच आहे.'

मी टाइमकीपरांकडे बघितलं. हात टेबलावरच होते, दोन्ही. रिकामे. बोटं मात्र पांढरी पडली होती. ते स्क्रीनकडे बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडे बघत होते.

ठिपके थांबले. पुन्हा सुरू झाले. पोरीची जुनी खोड, एका वाक्याला सतरा वेळा थांबायचं. आणि मग निरोप आला. पहिला. धाकटीने चष्मा लावायच्या आत मी वाचला.

'बाबा, तुम्ही दमलात. बसा आता. मी लिहिते.'

मग धाकटी रडत रडत हसायला लागली. "बघा! मी दोन वर्षं टाइप करून मेले आणि लिहिलं कुणाला, तर बाबांना! अहो, तुम्ही कधी दमलात? तुम्ही काय केलंत?"

टाइमकीपर उठले. खुर्ची मागे पडली. माझ्याजवळ येऊन अगदी हळू विचारलं, "ताई, तो फोन?"

"अहो, त्याचं काय? वाळूत आहे. राख झाली त्याची."

त्यांनी मान हलवली. परत जाऊन बायकोच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. या वयात. मी चहाचे कप उचलून आत गेले.

तेवढ्यात दुसरा निरोप आला होता. 'आई, दवाखान्यात जा. मी आहे.'

दुपारी टॅक्सी बोलावली. धाकटी स्वतःच्या पायांनी जिना उतरली.

शुक्रवार, २२ जानेवारी

काल झडप बसवली. सुखरूप. शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, "ब्राउझर चालू आहे ना?" नर्सला वाटलं गुंगीत बडबडते.

टाइमकीपर तिच्या उशाशी खुर्चीत झोपले होते, तोंड उघडं टाकून. सात वाजून गेले तरी जाग आली नाही. हातातलं घड्याळ बंद पडलं होतं, किल्ली द्यायला विसरले. मी दिली नाही.

तिचे कपडे न्यायला मी एकटीच घरी आले. कॉम्प्युटर उघडला तर ब्राउझर रात्रीत आपला आपण अपडेट झालेला, रिस्टार्ट होऊन तयार. तारीख आजची. कुणी मागे नेली नाही. काम असं झालेलं बघितलं की बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. जुना ब्राउझर परत कोण बसवत होतं, आणि इतके दिवस गप्प राहून पोरगी त्याच सकाळी कशी बोलली. गच्चीतलं ते बोलणंही अधूनमधून मनात येतं. येतं, आणि मी दुसरं काम काढते.

गप्पांचं पान उघडलं. आजवर मी स्वतः कधी तिला लिहिलं नव्हतं. दोन बोटांनी टाइप केलं, 'ऑपरेशन छान झालं. आई हसतेय. आता रुसवा पुरे, घरी कधी येतेस?'

ठिपके लगेच आले. हलत राहिले, थांबले, हलले. मी धाकटीचे कपडे भरले, खिडक्या लावल्या, भिंगरीच्या खोलीतला दिवा मालवला. परत आले तर उत्तर आलं होतं.

'मावशी, मी गेलेच कुठे होते.'

लबाड कुठली. दोन वर्षं सगळ्यांना रडवलं आणि इथेच कुठेतरी बसली होती. येऊ दे समोर, कान धरते.

दाराची कडी काढून ठेवली. गॅसवर चहाचं पाणी ठेवलं होतं एका कपाचं. त्यात आणखी एक कप ओतलं.